महाराष्ट्राच्या नद्यांना दिशा कोणी दिली?

२०२५ च्या सप्टेंबरात पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खन ट्रॅप, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या थरांचा प्रदेश, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेला. त्या निमित्ताने टेबललँडची छायाचित्रे पुन्हा झळकली आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी महाराष्ट्र घडवला, हे शाळेपासून पाठ असलेले वाक्यही पुन्हा कानावर पडले. वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. लाव्हाने आपल्याला काळा कातळ दिला, डोंगरांना सपाट माथे आणि उभे कडे दिले, कापसाची काळी जमीन दिली. पण नदीने कोणत्या समुद्राकडे जायचे, कुठे वळायचे, कुठे ऐसपैस पसरायचे आणि कुठे घळीत उडी घ्यायची, यातले बरेच निर्णय लाव्हा येण्याआधी झालेले होते, आणि उरलेले तो थिजल्यानंतर झाले. गेल्या चाळीसेक वर्षांतले संशोधन वाचताना वाटत राहते की लाव्हाला आपण जरा जास्तच श्रेय देतो.

कोडे जुनेच आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटर. ती मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरची कृष्णा समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटरवर जन्मते आणि तीही पूर्वेलाच निघते. भीमाशंकरच्या भीमेचे तेच. क्षेत्र महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्यांची पूजा होते, त्यांतल्या कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेच्या, तर सावित्री आणि गायत्री पश्चिमेच्या. दोन समुद्रांची पाणलोट रेषा देवळाच्या आवारातून जाते म्हटले तरी चालेल. पूर्वेकडे निघालेल्या पाण्याला समुद्र गाठायला हजाराहून जास्त किलोमीटर जावे लागते, सावित्रीला बाणकोटची खाडी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत सापडते. एवढा एकतर्फी उतार आला कुठून?

आधी लाव्हाचे जे आहे ते त्याला देऊ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा वर आला आणि पसरत गेला. यातला बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, असे अलीकडचे कालमापन सांगते. आज उरलेले त्याचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधन छिद्रात ३३८ मीटरवर लाव्हा संपला. नागपुरात तर सीताबर्डीच्या टेकडीशी तो जवळजवळ आटोपतोच, शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुना खडक उघडा आहे.

हे थर एकसारखे नाहीत, आणि दऱ्यांचा आकार ठरतो तो इथे. विहीर खणणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. वरची माती गेली की मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग पाषाण. मांजऱ्या ठिसूळ, वायूचे बुडबुडे अडकून भोकाभोकांचा झालेला, त्यात पाणी मुरते. पक्का पाषाण लागला की सुरुंगाशिवाय इलाज नाही, आणि त्याला चिरा नसतील तर पाणीही नाही. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती बनली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली, म्हणून घाटात रस्ता कापला की काळ्या थरांमध्ये मधूनच एक तांबडा पट्टा दिसतो. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार. गडावरची माची म्हणजे बहुतेक वेळा ठिसूळ थर झिजून उघडा पडलेला कठीण थराचा माथा, बालेकिल्ला म्हणजे त्याच्या वरच्या थराचा शिल्लक तुकडा. नदीही याच क्रमाने उतरते: कठीण थरावर रेंगाळते, त्याची कड आली की धबधबा, खाली ठिसूळ थर लागला की डोह. अजिंठ्याला वाघूर नदीने नालेच्या आकाराचे वळण घेऊन जो उभा कातळ उघडा पाडला, त्यात लेणी कोरली गेली.

उताराची धार अशी लाव्हाने ठरवली. दिशा कोणी ठरवली, यावर मात्र एकमत नाही.

१९८९ साली ऑक्सफर्डच्या के. जी. कॉक्स यांनी ‘नेचर’मध्ये एक मोहक उत्तर मांडले. लाव्हा येण्याआधी पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्याचा मोठा स्तंभ वर आला, त्याने वरचे कवच शेकडो किलोमीटर रुंदीच्या घुमटासारखे उचलले आणि त्या घुमटाच्या अंगावरून नद्या चहूकडे वाहू लागल्या. पुढे खंड फुटले, घुमटाचा पश्चिमेकडचा भाग तुटून गेला आणि आपल्या वाट्याला पूर्वेचा उतार आला. गोदावरी, भीमा, कृष्णा या त्या उतारावरच्या नद्या. नकाशावर हे फार छान बसते.

खोदल्यावर तितके बसत नाही. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. त्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास लाव्हा संपून सरळ ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक लागला, मध्ये गाळाच्या खडकाचा थर नाही. म्हणजे लाव्हा उघड्या, झिजलेल्या जमिनीवर पसरला, एवढे नक्की. ती जमीन नुकती उचलली गेली होती की कोट्यवधी वर्षांपासून तशीच होती, हे त्यावरून ठरत नाही. दुसरी अडचण मोठी आहे. लाव्हा संपतो तिथे सह्याद्री संपत नाही. गोव्याच्या आसपास ट्रॅपचा प्रदेश सरतो, पण पश्चिम घाटाचा कडा पुढे कर्नाटक-केरळातल्या अडीच अब्ज वर्षांहून जुन्या खडकांतून तसाच चालू राहतो, आणि तिथेही कावेरी समुद्राजवळ उगवून पूर्वेलाच जाते. कडा आणि उतार लाव्हाच्या असण्यानसण्यावर अवलंबून नाहीत, तर त्यांचे कारण लाव्हात शोधून भागणार नाही.

ते बहुधा पश्चिम किनाऱ्याच्या फुटण्यात आहे. मादागास्कर भारतापासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि लाव्हा ओतला गेल्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडाही दूर गेला. आजचा किनारा म्हणजे त्या तुटीची कड. घाटावर आडवे असणारे लाव्हाचे थर पनवेलच्या परिसरात समुद्राकडे कललेले आहेत. भूशास्त्रज्ञ त्याला पनवेलचे वाकण म्हणतात. कल्याण-पनवेल भागातल्या टेकड्या लांबून पाहिल्या तरी थरांचा तिरकेपणा डोळ्याला कळतो. पुढे हाच लाव्हा समुद्राखाली गेला आणि गाळाच्या जाड थरांखाली दबला. १९७४ साली जिथे तेल लागले त्या बॉम्बे हायच्या बुडाशीही तो आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून पालीजवळचे उन्हेरे, संगमेश्वराकडचे तुरळ आणि राजवाडी, खाली राजापूरचे उन्हाळे अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची रांग याच मोडलेल्या पट्ट्यात आहे. इथे ज्वालामुखी जिवंत असल्याचे अधूनमधून कोणीतरी सांगतो. तसे काही नाही, भेगांतून खोल गेलेले पाणी तापून वर येते इतकेच.

खंड फुटला की तुटलेल्या कडेचा भाग उचलला जातो, त्याचा उतार आत देशाकडे होतो आणि समुद्राकडे उभा कडा राहतो. कड्यावरून पडणारे ओहोळ तोंडावर झीज करत कडा मागे रेटतात. कोकण म्हणजे या मागे सरलेल्या कड्यापुढे उघडी पडलेली जमीन. आणि कोकणातून जितका खडक झिजून समुद्रात गेला, तितके कवचावरचे ओझे हलके झाले. माल उतरवलेली होडी जशी पाण्यात वर येते, तशी ही कडही हळूहळू वर येत राहिली. सह्याद्रीचा माथा एवढी झीज होऊनही उंच का राहिला, याचे त्यातल्या त्यात पटणारे कारण हे आहे.

कडा किती काळ मागे सरत होता, यावर जांभ्याने नवा प्रकाश टाकला. जांभा म्हणजे लांबलेल्या उष्ण-दमट काळात खडक सडून झालेला तांबडा, सच्छिद्र दगड. तो पाचगणीच्या टेबललँडवर तेराशे मीटरच्या आसपास आहे आणि रत्नागिरीच्या सड्यांवर त्याहून हजार-बाराशे मीटर खाली. हे दोन एकाच काळाचे की वेगळे, हा वाद शंभर वर्षे चालला. गेल्या दशकात जांभ्यातल्या मँगनीजच्या खनिजांचे वय काढता आले. पश्चिम किनाऱ्याच्या सखल पट्टीतली काही खनिजे साडेचार कोटी वर्षांइतकी जुनी निघाली. याचा अर्थ तेव्हाच तिथे सखल किनारपट्टी होती आणि तिच्या मागे कडा उभा होता. लाव्हानंतरच्या पहिल्या दीड-दोन कोटी वर्षांत मोठे काम उरकले होते, त्यानंतर सह्याद्री फार हललेला नाही. याउलट गेल्या अडीच कोटी वर्षांत द्वीपकल्प पश्चिमेकडून पुन्हा उचलले गेले आणि पूर्वेकडचा उतार वाढला, असे नद्यांच्या तळाच्या उतारांवरून गणित मांडणारेही आहेत. दोन्ही गोष्टी काही प्रमाणात खऱ्या असू शकतात. मला स्वतःला पहिल्या बाजूचा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो हातात धरता येणाऱ्या दगडाचे वय सांगतो. दुसऱ्या बाजूचा हिशेब नदीच्या उतारावर बेतलेला आहे, आणि आपल्याकडे तो उतार थरांच्या कठीणपणानेही बदलतो.

हे सगळे एका लहान नदीत पाहायचे असेल तर कुकडी पाहावी. ती नाणेघाटाजवळ, कुकडेश्वराच्या परिसरात उगवते. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिले की पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा आणि पूर्वेला जुन्नरकडे जाणारी रुंद, निवांत दरी दिसते. एवढ्याशा ओढ्याला एवढी ऐसपैस दरी शोभत नाही. याचा सरळ अर्थ असा की या दरीचा वरचा भाग कधीकाळी आणखी पश्चिमेला होता. काळू-उल्हासच्या बाजूचे ओहोळ कडा खात मागे आले, त्यांनी कुकडीचे डोके छाटले आणि वरचे पाणी कोकणात वळवले. भूगोलाच्या पुस्तकात याला नदीचौर्य म्हणतात. उघड्या पडलेल्या अशा दरीच्या तोंडातून सातवाहनांनी व्यापाराची वाट नेली. लोणावळ्याजवळ इंद्रायणीची दरीही कड्याशी अशीच उघडी पडली आहे, आणि बोरघाट तिथेच आहे. पावसाळ्यात नाणेघाटावर उलटा धबधबा पाहायला झुंबड उडते. त्यातल्या फार थोड्यांचे लक्ष मागच्या रिकाम्या दरीकडे जाते, आणि खरी नवलाई तर तीच आहे.

जुन्नर, येडगाव ओलांडून कुकडी बोरीला येते. इथल्या काठाच्या गाळात पांढरट राखेचा थर आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो उजेडात आणला. राख आपल्याकडची नाही, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची आहे. ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याच ज्वालामुखीच्या कित्येक लाख वर्षे जुन्या स्फोटाची, यावर तीस-चाळीस वर्षे वाद चालू आहे, आणि तो निव्वळ तांत्रिक नाही. त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडतात, त्यांचे वय राखेच्या वयाला बांधलेले आहे. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ साली ‘नेचर’मध्ये वायव्य दख्खनच्या नद्यांच्या अशा गाळाचा इतिहास मांडला. पाऊसमान कमी होते तेव्हा नद्या गाळ साठवत राहिल्या, मोसमी पाऊस जोरावर आला तेव्हा त्यांनी तोच गाळ कापून पात्र खोल केले. प्रवरा, गोदावरी, भीमा यांच्या काठांवर मातीच्या उभ्या दरडी दिसतात त्या म्हणूनच. आज या नद्या नवा गाळ फारसा पसरत नाहीत, जुन्यात रुतून वाहतात.

पुढे निघोजला, पारनेर तालुक्यात, गाळ संपून पात्र थेट कातळात शिरते. पुरात भोवऱ्यात सापडलेले गोटे कातळावर गरगर फिरत राहिले आणि त्यांनी खडकाला रांजणासारखी खोल भोके पाडली. एकमेकांत मिसळलेले हे रांजणखळगे म्हणजे नदी खडक कशी कापते याचा उघडा नमुना. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर गेलात तर काही खळग्यांच्या बुडाशी ते गोटे अजून पडलेले दिसतील, गुळगुळीत आणि वाटोळे. ही नदी पुढे शिरूरकडे घोडनदीला आणि तिच्यातून भीमेला मिळते.

कोयनेचे वळण वेगळेच. महाबळेश्वरहून निघून ती सुमारे ६५ किलोमीटर घाटाच्या कडेला समांतर दक्षिणेला जाते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते. निव्वळ पूर्वेचा उतार असता तर ती अशी गेली नसती. कवचातल्या दक्षिणोत्तर भेगांचा पट्टा तिने धरला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले.

विदर्भात आणि खानदेशात आले की लाव्हाची मातब्बरी आणखी कमी होते. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताई तालुका आहे. तापी तिथे उगवते आणि वर्धाही. एक ७२४ किलोमीटर पश्चिमेला जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, दुसरी आग्नेयेला उतरत प्राणहिता होऊन गोदावरीत जाते. दोघींनी लाव्हाहून जुन्या वाटा धरल्या. नर्मदा आणि तापी ज्या खचदऱ्यांतून वाहतात, त्या पट्ट्यातल्या भेगा अतिप्राचीन आहेत आणि पुन्हा पुन्हा हललेल्या आहेत. १९९७ चा जबलपूरचा भूकंप त्याच पट्ट्यातला. सातपुडा उचललेला आणि दोन्ही बाजूंच्या दऱ्या खचलेल्या, म्हणून या दोन मोठ्या नद्या बाकीच्यांना सोडून पश्चिमेला जातात.

तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात ही खचण अशी काही भरली की गाविलगडच्या पायथ्याशी गाळाची जाडी ठिकठिकाणी तीनशे मीटरहून जास्त आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या ज्या भागात या गाळातले पाणी खारे आहे, त्याला खारपाणपट्टा म्हणतात. पायाखाली पाणी असून पिता येत नाही, शेताला देता येत नाही. त्याच दरीत पश्चिमेला, सातपुड्यातून आलेला भरड गाळ जिथे पसरला, तिथे पाणी गोड आहे आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागा त्यावर उभ्या आहेत. वऱ्हाडातल्या टंचाईचे खापर दरवर्षी पावसावर फोडले जाते. यातला काही हिशेब मात्र खचदरीत कुठे कसला गाळ साचला, यावर आधीच मांडला गेला होता.

वर्धा-प्राणहितेची दरी याहूनही बोलकी. वणी, घुग्घुस, बल्लारपूरचा कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. गोंडवन भूमी हा महाखंड एकसंध असताना इथे वायव्य-आग्नेय अशी लांब खचदरी पडली, तिच्यात दलदली आणि वनराई गाडली गेली. सिरोंचाजवळच्या वडधममध्ये जीवाश्म सापडतात ते याच दरीतल्या त्याहून नव्या थरांत. त्या वेळच्या वाळूच्या खडकांतली तिरकी थरांची नक्षी वाचून अभ्यासकांनी प्रवाहांची दिशा काढली, तर पाणी बहुतांशी वायव्येकडे वाहत होते, म्हणजे आजच्या नेमके उलट! पूर्वेला तेव्हा समुद्र नव्हता, अंटार्क्टिका होती. खंड फुटून उतार पालटला, दरी तीच राहिली. नांदेडमार्गे येणारी गोदावरी सिरोंचाला प्राणहितेला भेटते आणि आग्नेयेला वळते, ती या दरीत शिरल्यामुळे. नाव गोदावरीचे चालते, पण भूशास्त्राच्या हिशेबाने त्या संगमावर घरची प्राणहिता आहे आणि गोदावरी पाहुणी.

कोकणाबद्दल थोडक्यात. तिथल्या नद्या आखूड आणि तीव्र, त्यांची मुखे बुडालेली, म्हणून बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खोल खाड्या. सड्यावरच्या सच्छिद्र जांभ्यात पाणी टिकत नाही, त्यामुळे तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावांत मेमध्ये टँकर येतो. गोव्यात खडक वेगळा, पार जुना, आणि म्हादईने मात्र घाट फोडून आत भीमगडपर्यंत हातपाय पसरले आहेत. कड्यामागचे पाणी पश्चिमेने ओढून नेल्याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि म्हादईचा आजचा पाणीतंटा त्या ओढून नेलेल्या पाण्याचाच आहे.

निसर्गाला जे चौर्य करायला लाखो वर्षे लागतात, ते विसाव्या शतकात आपण विजेसाठी बोगद्यांनी केले. १९१५ पासून लोणावळ्याच्या धरणांचे पूर्ववाहिनी पाणी खोपोलीला उतरू लागले. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाला न जुमानता बांधलेल्या मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्याला पडते. आज बारमाही वाहणारी पाताळगंगा आणि कोलाडला राफ्टिंग चालणारी कुंडलिका यांच्यातले बरेच पाणी भीमेच्या खोऱ्याचे आहे. कोयनेतून पोफळीमार्गे वासिष्ठीत वळवायला कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपाच्या लवादाने मंजूर केलेले पाणी ६७.५ टीएमसी आहे. सोलापूरकर भीमेचे पाणी परत मागतात तेव्हा ते राजकारण असते, पण त्यामागे साठ किलोमीटर रुंदीच्या एका पट्टीचा आणि तिच्यावर उभ्या असलेल्या हजार मीटरच्या कड्याचा भूगोल आहे. जगात इतक्या थोड्या अंतरात एवढा फुकटचा उतार फार ठिकाणी मिळत नाही.

आपल्या शालेय नकाशांत नद्या एका पानावर आणि खडक दुसऱ्या पानावर असतात, म्हणून ही सांगड डोळ्यांपुढे येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर देशाचे भूशास्त्रीय नकाशे पाहायला खुले आहेत. आपला तालुका तिथे शोधावा, गावची नदी त्यावर बोटाने काढावी आणि ती खडक बदलतो तिथे वळते की भेगेवर वळते, हे पाहावे. विहीर किंवा बोअर घेण्याआधी पाहिले तर अधिक बरे.